हिपॅटायटिस सीचा उपचार दुसऱ्यांदा सुरू करताय? आधी ही तयारी करा

२०१९ च्या सप्टेंबरात मी रिपोर्ट आणायला गेले, तेव्हा येताना पेढे कुठून घ्यायचे हे ठरवून गेले होते. बारा आठवड्यांचा उपचार पूर्ण झाला होता, त्यानंतरचे बारा आठवडेही उलटले होते. कागदावर आकडा होता ८,४०,०००. व्हायरस परत आला होता. बसमध्ये खिडकीपाशी बसून तो कागद मी किती वेळा उघडला आणि मिटला, ते मलाच माहीत.

त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष मी वाया घालवलं. आधी काही महिने कुणीतरी सांगितलेले काढे घेतले, मग टाळेबंदी आली. दुसरा उपचार फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२१ च्या तपासणीत व्हायरस सापडला नाही. आजपर्यंत सापडलेला नाही.

मी डॉक्टर नाही. १९९३ मध्ये सिझेरियनच्या वेळी मला रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या. हा व्हायरस शोधूनच तेव्हा चार वर्षं झाली होती आणि आपल्याकडे दात्याच्या रक्ताची त्यासाठी तपासणी होत नव्हती. आजार तिथूनच आला असावा, असं डॉक्टरांचं मत. औषध कोणतं आणि किती दिवस, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्यासमोर बसण्याआधी आपल्या हातात काय असायला हवं, ते मी नक्की सांगू शकते. एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण बाकी सगळं त्याभोवतीच आहे: पहिला उपचार का फसला, हे शोधल्याशिवाय दुसरा सुरू करू नका.

१. व्हायरस खरंच आहे का, ते आधी पक्कं करा

अनेकजण इथेच घाबरतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी किंवा रक्तदान शिबिरात तपासणी होते, 'एचसीव्ही (म्हणजे हिपॅटायटिस सीचा व्हायरस) पॉझिटिव्ह' असा शिक्का बसतो आणि माणूस धरून चालतो की उपचार वाया गेला. ती तपासणी अँटीबॉडीची असते. अँटीबॉडी म्हणजे शरीराने व्हायरसविरुद्ध बनवलेली प्रथिनं. आजार पूर्ण बरा झाला तरी ती रक्तात वर्षानुवर्षं राहतात, बहुतेकांच्या आयुष्यभर. त्यामुळे एकदा सी होऊन गेलेल्या माणसाला या तपासणीतून काहीच नवं कळत नाही.

आपल्याला हवी ती 'एचसीव्ही आरएनए', म्हणजे व्हायरल लोडची तपासणी. 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' असं लिहून आलं तर रक्तात व्हायरस नाही. आकडा आला तर आहे. आकडा अगदीच लहान असेल किंवा 'डिटेक्टेड, पण मोजता येण्याच्या खाली' असं लिहिलं असेल, तर त्याच दिवशी निष्कर्ष काढू नका. डॉक्टर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगतील.

व्हायरस कधी सापडला, ती तारीखही महत्त्वाची. उपचार संपल्यावर पहिल्या बारा आठवड्यांत सापडला, तर बहुधा तो जुनाच, औषधाला पुरून उरलेला. बारा आठवड्यांची तपासणी स्वच्छ होती आणि वर्षा-दोन वर्षांनी व्हायरस दिसला, तर नव्याने लागण झाल्याची शक्यता जास्त. डायलिसिसवर असणाऱ्यांना आणि सुया वाटून नशा करणाऱ्यांना हा धोका मोठा असतो. जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेतलं असेल, दुसऱ्याच्या वस्तऱ्याने दाढी केली असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. लाजू नका. नव्या लागणीवर बहुतेक वेळा पहिल्या वेळेसारखाच साधा उपचार चालतो. जुनाच व्हायरस उसळला असेल तर मात्र औषधाची जुळणी बदलते. म्हणून हा फरक कळायलाच हवा.

२. जुनी फाईल उभी करा

दुसऱ्या वेळेस डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "आधी काय घेतलं होतं?" त्यावर 'पांढऱ्या डब्यातली गोळी' हे उत्तर चालत नाही. मी तसंच उत्तर दिलं आणि कागद आणायला परत ऐंशी किलोमीटर आले. तुम्ही हे सोबत घेऊनच जा:

- पहिल्या उपचाराची चिठ्ठी, औषधांची पूर्ण नावं आणि मिलिग्रॅम. रिकामी डबी असेल तर तीच घ्या.
- उपचार कधी सुरू झाला आणि शेवटची गोळी कधी घेतली, त्या तारखा.
- व्हायरल लोडचे सगळे रिपोर्ट: सुरुवातीचा, उपचार संपतानाचा, बारा आठवड्यांनंतरचा.
- जीनोटाइपचा, म्हणजे व्हायरस कोणत्या प्रकारचा ते सांगणारा रिपोर्ट, केला असेल तर.
- उपचार सुरू होण्याआधीचे सीबीसी आणि लिव्हरचे रिपोर्ट. हे फार लागतात, टाकून देऊ नका.
- सोनोग्राफी, फायब्रोस्कॅन, एंडोस्कोपीचे कागद.
- त्या काळात चालू असलेली इतर औषधं: शुगर, बीपी, ॲसिडिटी, फिट, टीबी, आयुर्वेदिक, सगळी.
- सरकारी केंद्रात उपचार झाला असेल तर तिथला नोंदणी क्रमांक किंवा उपचार कार्ड.
- आधार कार्ड आणि त्याच्या दोन झेरॉक्स.

पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेतली असतील, म्हणजे २०१५ च्या आधीच्या काळात, तर तेही लिहा. तो उपचार फसणं आणि नव्या गोळ्यांचा उपचार फसणं, या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या जातात.

रिपोर्ट हरवला असेल तर लॅबमध्ये जाऊन नाव, तारीख आणि मोबाईल नंबर सांगा. संगणकावरून पुन्हा छापून मिळण्याची बरीच शक्यता असते. सगळे कागद तारखेप्रमाणे लावा आणि वरच्या कोऱ्या पानावर आजवरचा प्रवास दहा ओळींत लिहा. ओपीडीत डॉक्टरांना पाच मिनिटं मिळतात. ती कागद शोधण्यात जाऊ देऊ नका.

३. पहिला उपचार का फसला, ते शोधा

माझ्या बाबतीत दोन कारणं निघाली आणि दोन्ही माझ्याच फाईलमध्ये होती.

पहिलं कारण लिव्हरचं. मला तेव्हा सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर या गोळ्या बारा आठवडे दिल्या होत्या. सिरोसिस (लिव्हर व्रण पडून कडक होणं) नसलेल्यांसाठी ही जोडी उत्तम आहे. पण माझा व्हायरस जीनोटाइप ३ होता, आपल्या देशात हाच प्रकार सर्वांत जास्त दिसतो, आणि मला सिरोसिस होता. तो कुणाच्या ध्यानात आला नव्हता. याच जोडीवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ॲली-३' या अभ्यासात जीनोटाइप ३ चे सिरोसिस नसलेले ९६ टक्के रुग्ण बरे झाले होते, सिरोसिस असलेले ६३ टक्के. एवढा फरक पडतो.

सिरोसिस आहे का, याचा अंदाज साध्या रक्ताच्या रिपोर्टवरून येतो. त्याला फिब-४ म्हणतात. एसजीओटी आणि एसजीपीटी हे लिव्हरच्या रिपोर्टमधले दोन आकडे. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने. माझे २०१९ चे आकडे होते: वय ५२, एसजीओटी ९६, एसजीपीटी ८१, प्लेटलेट १ लाख ४ हजार, म्हणजे १०४. वरती ५२ × ९६ = ४९९२. खाली ८१ चं वर्गमूळ ९, आणि १०४ × ९ = ९३६. भागाकार आला ५.३. हा आकडा ३.२५ च्या वर गेला की लिव्हर बरंच कडक झाल्याची दाट शंका घ्यायची असते. जिथे माझा पहिला उपचार झाला तिथे हे चारही आकडे कागदावर होते. हिशोब मात्र कुणी मांडला नाही, आणि मांडायचा असतो हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी एका तरुण रेसिडेंट डॉक्टरबाईंनी माझ्या जुन्या रिपोर्टच्या पाठीवर पेनाने हे गणित केलं आणि कागद माझ्याकडे वळवला. "काकू, हे बघा," एवढंच म्हणाल्या.

तुम्हीही घरी हे गणित करून बघा. त्यावरून स्वतःच निदान करू नका, पण तो आकडा घेऊन डॉक्टरांना विचारा. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असतील आणि त्याला दुसरं कारण नसेल, तर हा प्रश्न नक्की विचारा. पक्कं करायला फायब्रोस्कॅन असतो. उजव्या बाजूला बरगड्यांच्या मधे मशीनचा दांडा टेकवून लिव्हर किती कडक झालं ते मोजतात, दुखत नाही. त्याआधी किमान तीन तास पोट रिकामं ठेवा, नाहीतर आकडा खोटाच वाढलेला येतो.

दुसरं कारण खाड्यांचं. मला वाटायचं मी एकही गोळी चुकवली नाही. पण डबीत गोळ्या असतात २८. महिना असतो तीस-एकतीस दिवसांचा. मी दर महिन्याच्या एक तारखेला पुढची डबी आणायला जायचे, आणि अठ्ठावीसवी गोळी घेतल्यानंतरचे दोन-तीन दिवस कोरडे जायचे. 'संपल्या की पुढच्या महिन्यात या', असं खिडकीवर सांगितलं होतं, आणि मी ते शब्दशः पाळलं. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस, तीन महिने नव्हेत. हा घोळ मी नंतर आणखी दोघांच्या बाबतीत पाहिला.

तुमचं कारण आणखी वेगळं असू शकेल. टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन आणि फिटच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिनसारख्या गोळ्या सीच्या औषधाची रक्तातली पातळी खाली आणतात. त्या एकत्र चालू होत्या का, ते आठवा. उलट्या होत होत्या का? औषध कुठून घेतलं होतं? काही वेळा माणसाचं काहीच चुकलेलं नसतं. व्हायरसच आपला साचा बदलतो आणि औषधाला दाद देत नाही. डॅक्लाटासविर, वेल्पाटासविर ज्या गटात मोडतात त्या एनएस-५-ए गटाच्या औषधांविरुद्धचा असा बदल वर्षानुवर्षं टिकून राहतो. त्याची जनुकीय तपासणी असते, पण सगळीकडे होत नाही आणि प्रत्येकाला लागतेच असंही नाही. 'माझ्यासाठी गरज आहे का?' एवढं विचारून ठेवा.

४. योग्य दारात जा

२८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात सीची तपासणी, व्हायरल लोड आणि गोळ्या मोफत मिळतात. त्यात दोन पायऱ्या आहेत. साधी उपचार केंद्रं, ही बहुतेक जिल्ह्यांच्या सिव्हिलमध्ये किंवा मोठ्या सरकारी दवाखान्यांत असतात. आणि त्यांच्यावर आदर्श उपचार केंद्रं, मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत. आधीचा उपचार फसलेला रुग्ण वरच्या पायरीचा. म्हणून जिल्ह्यातून संदर्भचिठ्ठी घ्या, त्यावर 'पूर्वी उपचार घेतलेला' असा स्पष्ट उल्लेख करून घ्या आणि जुना नोंदणी क्रमांक लिहून घ्या. नव्या केंद्रात आपण जणू पहिल्यांदाच आलो, अशी नवी नोंद करून घेऊ नका. मला एकाने प्रेमाने हाच सल्ला दिला होता, "नवीन म्हणून सांग, लवकर गोळ्या मिळतील." तसं केलं असतं तर तीच फसलेली जोडी पुन्हा हातात पडली असती.

खाजगीत जाणार असाल तर लिव्हरच्या डॉक्टरांकडेच जा. मोबाईलवर फोटो पाठवून 'इंपोर्टेड गोळी स्वस्तात' देणाऱ्यांच्या नादी लागू नका. औषध मेडिकलमधून पक्क्या बिलावरच घ्या, बिलावर बॅच नंबर बघा.

५. सुरू करण्याआधीच्या तपासण्या

व्हायरल लोड, सीबीसी, लिव्हर आणि किडनीच्या चाचण्या, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), शुगर, सोनोग्राफी या होतातच. त्याशिवाय काही तपासण्या मागून करून घ्याव्या लागल्या तरी घ्या.

पहिली हिपॅटायटिस बीची. एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी, दोन्ही. सीचा व्हायरस जाऊ लागला की शरीरात दबून बसलेला बी कधीकधी उसळतो आणि लिव्हर धोक्यात येतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये या गोळ्यांवर तशी ठळक सूचना छापायला लावली. पहिल्या वेळी तपासणी झाली असली तरी पुन्हा करा. बी नसेल आणि संरक्षणही नसेल, तर त्याची लस घेऊन टाका. नेहमीचे डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात.

दुसरी एचआयव्हीची. तिथेही औषधांचं जमवून घ्यावं लागतं.

सिरोसिस असेल तर सोनोग्राफीत गाठ नाही ना, हे आधी बघून घ्या. प्लेटलेट कमी असतील तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपी सांगतील. मी घाबरून दोन महिने टाळली. करायला दहा मिनिटं लागली.

पोटात पाणी होणं, डोळे पिवळे होणं, रक्ताची उलटी, दिवसा झोप आणि रात्री जागरण, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही कधी झालं असेल तर ते लपवू नका. अशा लिव्हरला काही औषधं चालतच नाहीत आणि कुणाच्या बाबतीत ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांचं मत आधी घ्यावं लागतं. हे आत्ता होत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

६. औषध ठरताना काय विचारायचं

सरकारी कार्यक्रमात मुख्यतः सोफोसबुविर, डॅक्लाटासविर, वेल्पाटासविर आणि रिबाविरिन ही औषधं आहेत. माझ्यासाठी सोफोसबुविर ४०० आणि वेल्पाटासविर १०० एकाच गोळीत, सोबत रिबाविरिन, चोवीस आठवडे असं ठरलं. अशा रुग्णांवर याच जुळणीचा एक छोटा अभ्यास झाला होता. त्यात ६९ पैकी ६३ जण बरे झाले, जीनोटाइप ३ मध्ये प्रमाण बरंच कमी होतं. परदेशातल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा वेळी व्हॉक्सिलाप्रेविर हे तिसरं औषध घातलेल्या गोळीला पहिली पसंती आहे. ती बारा आठवडे घ्यायची असते आणि २०१७ च्या 'पोलॅरिस-१' अभ्यासात तिने ९६ टक्के रुग्ण बरे झाले होते. पण पाणी झालेल्या, कावीळ झालेल्या सिरोसिसमध्ये ती देत नाहीत.

हे प्रश्न कागदावर लिहून न्या. माझा व्हायरस जुनाच की नवी लागण? मला सिरोसिस आहे का, आणि कोणत्या टप्प्याचा? आधीच्या जुळणीपेक्षा आता नेमकं काय वेगळं देताय? किती आठवडे? रिबाविरिन लागेल का? 'तेच औषध पुन्हा, तेवढेच दिवस' असं उत्तर आलं तर नम्रपणे कारण विचारा. नवी लागण असेल तर ते बरोबरही असेल. नसेल तर दुसरं मत घ्या.

७. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या

नावं सांगू नका, गोळ्याच न्या. मी नेलेल्या पिशवीतून पॅन्टोप्राझोल निघालं, सकाळी उपाशीपोटी घ्यायची ॲसिडिटीची गोळी. इतकी सवयीची की मी तिला औषध समजतच नव्हते. वेल्पाटासविर पोटातल्या आम्लात विरघळतं. आम्ल कमी केलं तर ते रक्तात पुरेसं पोचत नाही. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली. ज्यांना ती लागतेच, त्यांना सीची गोळी जेवणासोबत आणि ॲसिडिटीच्या गोळीच्या चार तास आधी, अशी वेळ लावून देतात. ॲसिडिटीचं पातळ औषध, ईनो वगैरेंमध्येही चार तासांचं अंतर ठेवा. लग्नाच्या जेवणानंतर हातात ठेवलेला ईनोचा ग्लास मी परत केला, तेव्हा वन्सं रागावल्या होत्या. रागावू द्या.

हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन चालू असेल तर ते सगळ्यांत आधी सांगा. सोफोसबुविरसोबत ठोके धोकादायक रीतीने मंदावू शकतात. कोलेस्टेरॉलच्या रोसुवास्टॅटिनचा डोस कमी करावा लागतो. वॉर्फरिन असेल तर आयएनआर वारंवार बघावा लागतो. डायबेटिस असेल तर व्हायरस जाऊ लागल्यावर साखर खाली येते, म्हणून जुन्याच डोसवर राहिलात तर चक्कर येऊ शकते. माझी तिसऱ्या आठवड्यात एकदा पहाटे ६२ झाली होती. तेव्हापासून उशाशी गुळाचा खडा ठेवला.

काढे, चूर्णं, 'लिव्हर टॉनिक' थांबवा. गुळवेलीने लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. मीही गुळवेलीचा काढा चार महिने घेतला होता. अंगदुखीला ब्रुफेन, डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नका.

८. रिबाविरिन असेल तर

हे औषध मला सगळ्यांत कठीण गेलं. ते तांबड्या पेशी फोडतं आणि हिमोग्लोबिन उतरतं. माझं १२.४ होतं, सहाव्या आठवड्यात ९.६ झालं. घरच्या अकरा पायऱ्या चढताना मधल्या वळणावर बसावं लागायचं. डॉक्टरांनी डोस कमी केला, मी स्वतःहून बंद केलं नाही. दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात सीबीसी करणारच, आणि पुढे सांगतील तेव्हा, हे आधीच ठरवून ठेवा.

हृदयविकार असेल तर सांगा, ईसीजी काढून घ्या. विदर्भात, नंदुरबारकडे, आदिवासी भागांत सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर हिमोग्लोबिनची खास तपासणी झाल्याशिवाय रिबाविरिन सुरू करू नका. या आजारांत ते देत नाहीत.

आणि गर्भ. रिबाविरिनने गर्भात गंभीर व्यंग होतं. उपचार चालू असताना, आणि संपल्यावर बाई घेत असेल तर नऊ महिने, पुरुष घेत असेल तर सहा महिने, दिवस राहू द्यायचे नाहीत. नवरा औषध घेत असेल तरीही. नवी लग्नं झालेल्या घरांत हे मोकळेपणी बोला. सासूबाईंना कसं सांगायचं या संकोचापायी गप्प राहिलेली एक मुलगी मला ओपीडीत भेटली होती. मी तिच्यासोबत आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं.

९. घर आणि जेवण

ताटं, पेले, टॉवेल वेगळे करायची गरज नाही. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने हा आजार पसरत नाही. रक्ताशी संबंध येतो त्या वस्तू, ब्लेड, नेलकटर, टूथब्रश, तेवढ्या वेगळ्या ठेवा. नवऱ्याची आणि आजार झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांची एकदा तपासणी करा. माझी धाकटी १९९६ ची. तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आला त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली.

कावीळ म्हटलं की आपल्याकडे तेल, हळद, डाळ सगळं बंद करतात. सिरोसिसमध्ये तसं उपाशी राहिलं तर अंगातलं मांसच झडतं. डाळ, अंडी, दूध, दही, मासे, जे पचतं ते पोटभर खा. पोटात पाणी असेल तर मीठ कमी, डॉक्टर सांगतील तेवढं. रात्री झोपताना काहीतरी थोडं खाऊन झोपा, मी दूध आणि दोन खजूर घ्यायचे. दारू एक थेंबही नाही, सणालाही नाही.

रिबाविरिन जेवणासोबत घ्यायचं असतं. एकादशीला मी गोळी साबुदाण्याच्या खिचडीसोबत घेतली. निर्जळी उपवास त्या सहा महिन्यांत केले नाहीत.

१०. पहिली गोळी आणि तारखा

सुरू करण्याची तारीख अशी निवडा की पहिल्या महिन्यात लग्न, प्रवास, मुलांच्या परीक्षा नसतील. पहिली गोळी घेण्याआधीच कॅलेंडरवर सगळं मांडा. मी कालनिर्णयवर दर अठ्ठावीसाव्या दिवसाला लाल गोल केला आणि त्याच्या पाच दिवस आधी निळी फुली. निळ्या फुलीला पुढची डबी आणायची. चोवीस आठवडे म्हणजे १६८ गोळ्या, सहा डब्या. शेवटच्या तारखेपासून बारा आठवडे मोजून तिथेही खूण करा, तो एसव्हीआरचा, म्हणजे व्हायरस गेला की नाही ते कळण्याचा दिवस.

वेळ एकच ठेवा. मी रात्रीच्या जेवणाची ठेवली, साडेआठ. विसरलात तर सोफोसबुविर-वेल्पाटासविरची गोळी अठरा तासांच्या आत आठवली तर लगेच घ्या. त्यानंतर आठवली तर ती सोडा, पुढची नेहमीच्या वेळी. दोन एकदम घेऊ नका. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर आणखी एक घ्यायची असते, त्यामुळे डबी पाच दिवस आधी आणण्याचा तिथेही उपयोग होतो. गोळ्या मूळ डबीतच ठेवा, आतली ओल शोषणारी पुडी काढू नका. प्रवासाला जाताना डबी डिकीत नाही, खांद्यावरच्या पिशवीत.

बारा आठवड्यांनंतरच्या तपासणीत 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' आलं की व्हायरसपुरता उपचार संपला. त्या रिपोर्टच्या चार झेरॉक्स काढून ठेवा, पुढे कुठल्याही ऑपरेशनआधी अँटीबॉडी पॉझिटिव्ह येईल तेव्हा दाखवायला लागतात. ज्यांना सिरोसिस आहे त्यांनी मात्र दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालूच ठेवायची, कारण व्हायरस गेला तरी लिव्हरमध्ये गाठ होण्याचा धोका पूर्ण जात नाही. माझी पुढची तारीख कॅलेंडरवर लाल गोलातच आहे.